रस्ता वर, घर खाली

नागपुरात जुनं बैठं घर विकत घ्यायला निघालेला माणूस आधी कागद पाहतो आणि मग रस्ता. कागदांत आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, आहे का ते पाहायचं, आणि रस्ता घरापेक्षा किती वर आहे ते. पूर्वी उलटं विचारायचे, घर रस्त्यापेक्षा किती वर आहे म्हणून. आमच्या मानेवाड्याकडच्या लेआउटमध्ये विचारायचीही गरज उरली नाही. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंची जुनी घरं खाली बसलेली दिसतात. फाटकं आता फक्त आतल्या बाजूला उघडतात, कारण बाहेर फरसबंदीचे सिमेंटचे आयब्लॉक आडवे येतात. काहींनी तर फाटकाचा खालचा वीतभर पत्राच कापून टाकलाय.

आईच्या घरात शिरताना तीन पायऱ्या चढाव्या लागायच्या. आता एक उतरावी लागते.

बाबांनी हा पंधराशे फुटांचा प्लॉट घेतला तेव्हा इथं तुरीचं शेत होतं. गृहनिर्माण संस्थेच्या माणसानं धुऱ्याला धरून चुन्याच्या रेघा मारल्या, कोपऱ्यांत दगड पुरले, झाला लेआउट. दक्षिण आणि पूर्व नागपूर बरंचसं असंच वाढलं. शेतमालकाला एकरकमी पैसा, संस्थेला तिचा वाटा, नोकरदाराला हप्त्यांवर प्लॉट आणि मंजुरीचं पुढं पाहू. ते पुढं पाहणं २००१ च्या गुंठेवारी कायद्यापर्यंत लांबलं. लेआउट नियमित करायचं काम नासुप्रचं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं; त्यांच्या लेआउटच्या दोन गटांचे ‘५७२’ व ‘१९००’ हे आकडे नागपूरकरांच्या तोंडी बसले. लग्नाच्या पंगतीतसुद्धा दोन अनोळखी माणसं ‘तुमचं ५७२ मधलं का १९०० मधलं?’ असं विचारून ओळख वाढवतात. बाहेरगावचा पाहुणा हे ऐकून गोंधळतो. आमचं १९०० मधलं.

नियमित होईस्तोवर ना नळ, ना नाली, ना रस्ता. माती काळी. पावसाळ्यात ती अशी फुगते की चप्पल आत जाते आणि पाय एकटा बाहेर येतो. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि त्यांच्या मागोमाग भिंतींना. मिस्त्री बालाघाटकडचा होता. त्यानं बाबांना बजावलं, कॉलम खोल घ्या आणि प्लिंथ उंच घ्या, पैसे कमी पडले तर प्लास्टर पुढच्या वर्षी करा. बाबांनी ऐकलं. प्लास्टर खरोखरच कितीतरी वर्षांनी झालं. पावसाळाभर त्यांची स्कूटर मेन रोडवरच्या किराणा दुकानासमोर उभी असायची आणि ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात घेऊन घरी यायचे. लेआउटमधल्या सगळ्यांनी वर्गणी काढून दोनदा मुरूम टाकला. दोन्ही वेळा पुढच्या श्रावणापर्यंत तो मातीनं गिळला.

हे सांगायचं कारण असं की सिमेंट रोडबद्दल जे पुढं म्हणणार आहे ते रस्त्यांचा राग आहे म्हणून नव्हे. आमच्या गल्लीइतकी रस्त्याची वाट कुणी पाहिली नसेल. पहिलं डांबर पडलं त्या दिवशी कोपऱ्यावरच्या मास्तरांनी पेढे वाटले होते, आणि रोलरच्या ड्रायव्हरला आमच्याकडून चहा आणि चिवडा गेला होता.

त्या तीन पायऱ्यांच्या वर ओटा होता. कोट्याची फरशी, कडेला दोघं बसतील असा सिमेंटचा बाक. उन्हाळ्यात संध्याकाळी आई त्यावर बादलीभर पाणी मारायची, फरशी चर्र करायची, आणि तासाभरानं तिथं बसता यायचं. सरगुंडे, कुरडया, मुगवड्या, सगळं तिथंच वाळलं. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी ओढत दारोदार यायची, तेव्हा आई ओट्यावर बोजाऱ्याची, म्हणजे नंदी आणणाऱ्या पोरांना द्यायची, सुटी नाणी घेऊन बसलेली असायची. कुणाचा नंदी कुणापेक्षा मोठा यावर भांडणं व्हायची, ती ओट्यावरूनच सोडवली जायची.

या उंचीत एक गोम होती, उंची गेल्यावर ती कळली. ओट्यावर बसलेल्या बाईचा चेहरा आणि रस्त्यानं चालणाऱ्याचा चेहरा एका पातळीत यायचा. मान वर करायला नको, उठायला नको. ‘काऊन बाई, आज लवकर?’ एवढं विचारायला श्रमच नव्हते, म्हणून दिवसातून चाळीस वेळा विचारलं जायचं. आता आई त्याच बाकावर बसली की तिच्या डोळ्यांसमोर मोटारसायकलची चाकं आणि सायलेन्सर येतात. जाणाऱ्याला ती दिसत नाही. दिसली तर त्याला वाकून बोलावं लागतं, आणि शेजाऱ्याशी वाकून कोण बोलतं? कुणाचं कुणाशी बिनसलेलं नाही. नुसती लेव्हल बदलली आणि बोलणं बंद झालं.

लेव्हल बदलते कशी, हेही पाहण्यासारखं आहे. डांबरी रस्ता खराब झाला की जुना थर खरवडून काढायचा आणि मग नवा टाकायचा, असं शास्त्र. आमच्याकडे जुन्यावर नवा, त्याच्यावर आणखी नवा. निवडणूक आली की एक थर. मग नागपुरात सिमेंट रोडचे दिवस आले. सिमेंटच्या रस्त्याला खाली गिट्टी-मुरमाचं बस्तान लागतं, त्यावर कोरड्या काँक्रीटचा थर, त्यावर मुख्य जाड काँक्रीट. रस्ता होता त्याच उंचीवर ठेवायचा तर तेवढं सगळं आधी खोदून काढावं लागतं. आणि खोदलं की पाण्याची लाइन, सांडपाण्याची गडरलाइन, केबल, सगळ्यांची नाती निघतात. कंत्राटदाराला दिवस मोजून काम संपवायचं असतं. तो वरवर खरवडतो आणि रचतो. काँक्रीट झालं की त्याच्या कडेपासून लोकांच्या फाटकांपर्यंत जो खड्डा उरतो तो आयब्लॉकनं बुजवायचा, उतार घरांकडे. पावसाळी नाली कागदावर असते. गल्लीत ती एका टोकाला सुरू होते आणि मास्तरांच्या घरासमोर संपते, पुढं कुठंच मिळत नाही.

काम सुरू असताना गल्लीतल्या चार बायका आणि मी इंजिनिअरला भेटलो. भला माणूस होता, उन्हात उभा राहून ऐकून घेतलं. म्हणाला, “मॅडम, डिझाइन लेव्हल वरून आलीये.” वरून म्हणजे कुठून, हे शोधायला आम्ही ज्या कार्यालयात गेलो तिथं कळलं की लेआउट त्यांच्याकडे आहे पण रस्ता नाही. दुसऱ्या कार्यालयात रस्ता होता, नाली नव्हती. नगरसेवकाला धरावं तर मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढं वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार पाहत राहिले. दारात उभं राहून भांडायला माणूसच नव्हता. नगरसेवकांचं मी कधी कौतुक केलेलं नाही. पण निदान त्याच्या घरासमोर जाऊन उभं राहता येतं, ही सोय केवढी मोठी आहे ते तेव्हा समजलं.

पहिल्या मोठ्या पावसात पाणी फाटकातून येईल म्हणून आईनं फाटकाला गोणपाट लावून ठेवले होते. ते आलं न्हाणीच्या जाळीतून. रस्ता वर गेला तशी गडरलाइनची चेंबरंही वर गेली, लाइन तुंबली की पाणी सगळ्यांत खालच्या घरात उलटं चढतं. आधी जाळीत बुडबुडे आले, मग काळं पाणी, मग वास. आईनं जाळीवर पाटा ठेवला आणि त्यावर वरवंटा. तो पाटा अजून तिथंच आहे. चटणी मिक्सरमध्ये होते.

या सगळ्याचं खापर अनधिकृत लेआउटवर फोडण्याची रीत आहे. ‘तुम्ही शेतात घरं बांधता, मग पाणी येणारच,’ हे आम्ही इतकं ऐकलं की आमचाही त्यावर विश्वास बसला होता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तो उडाला. गणपती बसलेले होते. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट अशा वस्त्यांत शिरलं. हे काही १९०० मधले लेआउट नव्हेत. इथं डॉक्टर, वकील, निवृत्त अधिकारी राहतात, जुने मंजूर नकाशे, रुंद रस्ते, दारात बकुळी. माझी आत्या तिथल्या एका इमारतीत तळमजल्यावर. पहाटे साडेचारला तिचा फोन आला तेव्हा ती डायनिंग टेबलवर बसली होती, खुर्चीवर नव्हे, टेबलावर, आणि फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. बोटींतून माणसं काढावी लागली. काही वृद्ध माणसं अंथरुणावरून उठूच शकली नाहीत, ती गेली. नागपुरात, समुद्रापासून एवढं आत, बोटी!

पुढं अंबाझरीच्या सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकापासून नदीपात्रातल्या बांधकामांपर्यंत सगळं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गेलं. त्याचा कीस तिथं पडेल. मला त्या दिवशी दुसरंच दिसलं. आत्याच्या इमारतीत पहिल्या मजल्यापासून वरचे लोक सुखरूप होते. त्यांनी बादल्या, चहा, कपडे खाली पाठवले, आत्याला दोन दिवस ठेवून घेतलं. आणि महिन्याभरात खालचे सगळे फ्लॅट विक्रीला निघाले. गिऱ्हाईक नव्हतं.

तेव्हापासून मी शहराकडे उंचीच्या हिशेबानं पाहते. पाहायला लागलं की दिसतं, नागपूर जमिनीवरून उठत चाललंय. छत्रपती चौकात एक धडधाकट उड्डाणपूल होता. २०१६ मध्ये तो पाडला, कारण तिथं त्याच्याहून उंच व्हायचं होतं: खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो. वर्धा रोडचा हा दुमजली पूल ३.१४ किलोमीटरचा आहे आणि त्याचा जागतिक विक्रमही नोंदला गेला. गड्डीगोदामला तर चार मजले: रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल, सगळ्यांत वर मेट्रो. मुंबई-पुण्याचे पाहुणे आले की आपण हौसेनं त्यांना तिथून फिरवतो. फिरवावंही. १९५६ साली राजधानीपण गेलेलं शहर आहे हे. हिवाळी अधिवेशनापुरतं डिसेंबरात राजधानी व्हायचं आणि जानेवारीत पुन्हा आपल्या संत्र्यांकडे वळायचं. अशा गावाला विक्रमाचं अप्रूप असणारच.

मी स्वतः मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर राहते आणि बर्डीला मेट्रोनं जाते. मे महिन्यात त्या थंडगार डब्यात बसून खालच्या ट्रॅफिककडे पाहताना होणारं सुख नाकारण्याइतकी मी ढोंगी नाही. वरून शहर हिरवं दिसतं, हे फार गमतीचं आहे. अजनीची झाडी, कडुनिंबांचे शेंडे, गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या, कूलर आणि कोपऱ्यात टाकलेल्या गेल्या वर्षीच्या ताट्या. स्टेशनातून खाली उतरलं की ते हिरवं नाहीसं होतं. उरतो काँक्रीटचा पांढरा झगझगाट, आणि फूटपाथवर उभी केलेली वाहनं टाळत कडेकडेनं चालणारी माणसं. झाडांच्या बुंध्यांपर्यंत काँक्रीट नि ब्लॉक भरलेत. मीटरभर जागा मोकळी सोडा, असं हरित लवादानं सांगून दशक उलटलं.

उन्हाचं तर बोलायलाच नको. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंशांची नोंद झाली. मे २०२४ च्या अखेरीस रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित यंत्रानं ५६ दाखवले, तेव्हा आख्खं शहर दिवसभर मोबाइलवर तो आकडा एकमेकांना पाठवत होतं, जरा अभिमानानंच. हवामान खात्यानं यंत्र बिघडलं होतं असं जाहीर केलं, तर लोक हिरमुसले. पण आईच्या घरातली गरमी कुठल्या यंत्रात येत नाही. मातीचा रस्ता रात्री निवायचा. काँक्रीट दिवसभर प्यालेलं ऊन रात्री सोडत बसतं, आणि ते आता ओट्याच्याही वर आहे. नवतपाच्या नऊ तापत्या दिवसांत रात्री अकरालाही ओट्यावर बसवत नाही. पाणी मारावं तर ते वाहून जायला जागा नाही, कारण ओटा खोलात.

गल्लीतली घरं एकेक करून पडताहेत आणि फ्लॅट स्कीम उभ्या राहताहेत. नकाशा सगळीकडे एकच. तळाला खांब आणि पार्किंग, माणसं पहिल्या मजल्यापासून वर. मास्तरांच्या जागी अशीच एक पाच मजली स्कीम आहे. तिच्या पार्किंगमध्ये, जिन्याखालच्या खोलीत, बालाघाटकडून आलेलं चौकीदाराचं कुटुंब राहतं. गल्लीत जमिनीवर राहणारं आता तेच एक नवं घर. पावसात पाणी आलं की ते सामान उचलून पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर जाऊन बसतात, ओसरलं की खाली येतात. वरच्यांना सकाळी गाड्यांच्या चाकांवरचा गाळ पाहून कळतं की रात्री पाणी होतं.

तान्हा पोळाही आता त्या पार्किंगमध्ये होतो. स्पीकर, बक्षिसं, सजवलेल्या नंदीचा पहिला-दुसरा नंबर. कार्यक्रम छान असतो, मुलं नटून येतात. दारोदार जायचं तेवढं राहिलं. जाणार कसे, लिफ्टनं? आई अजून सुटी नाणी काढून ठेवते. गेल्या पोळ्याला चौकीदाराची दोन पोरं तेवढी नंदी घेऊन आली आणि आख्खा बोजारा घेऊन गेली, तिनं घासाघीस केली नाही.

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा नेणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. ती मात्र जमिनीवरूनच निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, आणि सोबत दरवर्षी नवे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, गळ्यात पाट्या अडकवलेले. खड्डे, महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी जे टोचत असेल ते. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत इतवारी-महालातून सगळं गावाबाहेर न्यायचं आणि जाळायचं. माझ्या मते शहरातलं हे सगळ्यांत कार्यक्षम तक्रार निवारण केंद्र आहे; अर्ज नाही, हद्दीचा वाद नाही, निकाल त्याच दिवशी.

आमच्या घराचा निकाल मात्र लागायचा आहे. भावानं आधी घर उचलणाऱ्यांना बोलावलं. हरियाणाकडच्या टोळ्या येतात, भिंतींच्या मुळाशी जॅक लावून सबंध घर चार फूट वर नेतात, फुटावर दर. त्या माणसानं भिंतींच्या भेगांमध्ये नाणं घालून पाहिलं, काळी माती चिमटीत घेतली आणि हात जोडले. मग मिस्त्री आला, दारात नऊ इंची भिंत बांधून उंबरा उंच करू म्हणाला. “किती उंच?” भावानं विचारलं. मिस्त्री म्हणाला, “रस्त्यावर अजून एक थर येऊन राहिला की नाही, ते सांगा. मग सांगतो.”

शेवटी बिल्डर. तरुण मुलगा, आईला वाकून नमस्कार केला, नकाशा ओट्यावर पसरला. दोन फ्लॅट, बांधून होईस्तोवर भाडं, वर काही रक्कम. आईनं चष्मा लावून पुरा नकाशा पाहिला आणि विचारलं, “रस्ता आणखी वर आला तर?”

“येऊ द्या ना काकू. खाली पार्किंग आहे. आपल्याला काय करायचं?”

“अन् ओटा?”

त्यानं पान उलटलं. पाचव्या मजल्यावर, गच्चीत, पाण्याच्या टाक्यांशेजारी एक चौकोन हिरव्या रंगानं भरला होता. वर लिहिलं होतं, सिनिअर सिटिझन कट्टा. “बाक, शेड, लाइट, सगळं देऊन राहिलो,” तो म्हणाला. “व्ह्यू तर इतका मस्त आहे काकू!”

“तिथून जाणाऱ्याला हाक ऐकू जाईल का?” आईनं विचारलं. त्याला वाटलं ती गंमत करतेय, तो हसला. तिनं नकाशाची घडी करून ठेवून घेतली आणि दिवाळीनंतर पाहू म्हणाली. भाऊ म्हणतो, सही करून टाकावी. मलाही बरेचदा तसंच वाटतं, विशेषतः वाऱ्या-पावसाची रात्र असली आणि तिचा फोन लागत नसला की.